अडलेलं मोकळं करणारे शोध: लोकलच्या डब्याखालून परळच्या रुग्णालयापर्यंत

नव्या लोकलच्या मोटरकोचमध्ये, म्हणजे खाली मोटर असलेल्या डब्यात, बसून गाडी सुटताना कान दिला, तर पायाखालून एक सूर ऐकू येतो. आधी खर्जात, मग टप्प्याटप्प्याने चढत जाणारा आणि गाडीने वेग धरला की चाकांच्या आवाजात विरून जाणारा. मुंबईकरांना तो ऐकू येऊ लागला २००७ च्या अखेरीस, पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या तेव्हा. आधीच्या गाड्या सुटताना हिसका द्यायच्या, त्यांना असा सूर नव्हता. हा सूर ज्यातून निघतो तो सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा माझ्या मते गेल्या अर्धशतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या शोधांपैकी एक आहे. त्याचं नाव आयजीबीटी. रोज लाखो लोक त्याच्या जोरावर कामाला जातात आणि त्यांतल्या फार थोड्यांनी हे नाव ऐकलेलं असतं.

मोठे शोध मोजायला बसलं की आपण हातात धरता येतील त्या वस्तू मोजतो. मोबाइल, लॅपटॉप, फार तर इंटरनेट. पण मोबाइल ही पुष्कळ शोधांची बांधलेली मोट आहे. मोजायचाच असेल तर आतला शोध मोजावा, ज्याच्यावाचून एखादं काम पन्नास-शंभर वर्षं अडून बसलं होतं आणि जो लागताच ते सुटलं. ही कसोटी लावली की यादी बदलते.

लोकलपासूनच सुरुवात करू. भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, हार्बर मार्गाने. वरच्या तारेत १५०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होती आणि गाडीत डीसी मोटर. या मोटरचा गुण असा, की ती सुरुवातीलाच मोठा जोर लावते. अवगुण असा, की उभ्या मोटरला एकदम पूर्ण वीज दिली तर ती जळेल. म्हणून मध्ये वीज अडवून धरणारे रोधक घालायचे. मोटरमनने हँडल फिरवलं की ते एकेक करून बाजूला होत आणि मोटरला वाढती वीज मिळे. हिसका बसायचा तो या पायऱ्यांमुळे. आणि रोधक मध्ये असेपर्यंत बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन हवेत जायची. ब्रेक लावला की गाडीचा सगळा वेगही घर्षणाने उष्णताच व्हायचा. जिथे दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक येतं, तिथे हा प्रकार दिवसभर, प्रत्येक गाडीत, प्रत्येक थांब्याला चालायचा.

याहून चांगली मोटर तेव्हाही ठाऊक होती. निकोला टेस्ला यांना इंडक्शन मोटरचं पेटंट १८८८ मध्ये मिळालं. तिला घासणारे ब्रश नाहीत, झीज कमी, दणकट. कारखान्यातले पंप आणि पट्टे ती शतकभर फिरवत आली आहे. मग ती गाडीला का लावली नाही? कारण तिचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, मोटर त्या मानाने फिरते. पंपाला तेवढं पुरतं. लोकलला मात्र शून्यापासून शंभराच्या वेगापर्यंत जायचं असतं. म्हणजे हव्या त्या वारंवारतेची वीज गाडीतच, क्षणोक्षणी बनवता यायला हवी. त्यासाठी विजेचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करणारा स्विच हवा आणि त्याने हजारो व्होल्ट, शेकडो अँपिअर सहन करायला हवेत. कुठलाही यांत्रिक स्विच हे करू शकत नाही.

ट्रान्झिस्टर हा असा स्विच आहे आणि तो १९४७ पासून होता. पण त्याच्या दोन जातींपैकी एकीचंही इथे भागत नव्हतं. पाण्याच्या नळाची कल्पना करा. एका नळाची चावी बोटाने फिरते, पण पाइप अरुंद. दुसऱ्याचा पाइप ऐसपैस, पण चावी फिरवायलाच दोन माणसं लागतात. मॉसफेट ही पहिली जात: नुसत्या व्होल्टेजच्या इशाऱ्यावर चालू-बंद होते, पण व्होल्टेज वाढलं की तिच्यात वीज फार वाया जाते. बायपोलर ही दुसरी: मोठा प्रवाह सहज वाहून नेते, पण तिला चालू ठेवायलाच बराच प्रवाह पुरवत राहावा लागतो.

आयआयटी मद्रासमधून १९६९ मध्ये बाहेर पडलेले बी. जयंत बालिगा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होते. १९८० च्या सुमारास त्यांनी या दोन्ही जाती सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात गुंफल्या. इशारा घ्यायचा मॉसफेटसारखा, प्रवाह वाहायचा बायपोलरसारखा. हाच आयजीबीटी. हे जमणार नाही असं मानणारे पुष्कळ होते आणि त्यांच्याकडे कारणही होतं. अशा रचनेत आपोआप आणखी एक उपकरण तयार होतं, जे एकदा चालू झालं की बंदच होत नाही. न मिटणारा स्विच काय कामाचा? बालिगांनी ते आतलं उपकरण दाबून टाकता येतं हे दाखवलं. कंपनीला हे मुख्यतः एअर कंडिशनरसारख्या यंत्रांच्या मोटरसाठी हवं होतं. आज इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, इलेक्ट्रिक गाडी, मेट्रो, सौर प्रकल्प, सगळीकडे तो आहे. २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार बालिगांना मिळाला. आपल्याकडे त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर आजच्या लोकलमध्ये काय होतं? तारेतली वीज ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरते, तिची डीसी होते आणि मग आयजीबीटी तिचे तुकडे करून मोटरला हवी तशी तीन-फेजची वीज बनवतात. गाडी हलताना वारंवारता अगदी कमी, मग वाढत जाणारी. तुकडे करण्याच्या या लयीने मोटरमधले धातूचे भाग थरथरतात आणि आपल्याला तो चढता सूर ऐकू येतो. ब्रेक लावताना उलटं होतं. मोटर जनित्र बनते, गाडीचा वेग वीज होऊन तारेत परत जातो आणि आसपासची दुसरी गाडी ती वापरते. यातून साधारण ३० टक्के वीज वाचते.

तारेतली वीजही दरम्यान बदलली. १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत हेलकावणारी वीज आली. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं आणि शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली, तीही हार्बरवर. यामागचं गणित सोपं आहे. तेवढीच शक्ती जास्त व्होल्टेजवर पाठवली की प्रवाह कमी लागतो. इथे तो जवळजवळ सतरा पटींनी कमी झाला. आणि तारेतलं नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून त्याच तारेत ते सुमारे पावणेतीनशे पटींनी घटतं. सबस्टेशनही कमी पुरतात.

दुसरा शोध संध्याकाळी दादरच्या बाजारात दिसतो. भाजीच्या, फुलांच्या टोपल्यांवर एकेक पांढरा दिवा टांगलेला असतो, त्याला ना वायर ना रॉकेल. पूर्वी तिथे गॅसबत्ती असायची. त्या दिव्यात खरं तर दोन शोध आहेत, प्रकाशाचा आणि बॅटरीचा. एकाशिवाय दुसरा तिथवर पोहोचला नसता.

आधी प्रकाश. एलईडीत तार तापत नाही. स्फटिकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली पडतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. पडण्याची उंची किती, यावर रंग ठरतो. थोडी उंची म्हणजे लाल, जास्त म्हणजे निळा. लाल एलईडी १९६२ मध्ये आला, हिरवाही पुढे मिळाला. पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा हवाच आणि तो तीस वर्षं अडला. रेडिओवरचा लाल ठिपका आपण वर्षानुवर्षं पाहिला, पण त्या जातीचा दिवा लावून कुणी वाचत बसलं नाही, ते म्हणूनच.

अडचण गॅलियम नायट्राइड या पदार्थाची होती. निळ्याला लागणारी उंची त्याच्यात होती, पण त्याचा नितळ स्फटिक वाढतच नव्हता. वाढला तरी एलईडीला लागणाऱ्या दोन थरांपैकी एक, इलेक्ट्रॉनची उणीव असलेला पी-थर, त्यातून बनत नव्हता. बहुतेक संशोधक कंटाळून दुसऱ्या पदार्थांकडे वळले. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांनी नीलमण्याच्या चकतीवर आधी अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि वर नितळ स्फटिक वाढवला. पुढे एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला नमुना जास्त उजळत होता. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने हट्टी पी-थर जागा होत होता! टोकुशिमातल्या निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी त्याचं कारण शोधलं. स्फटिक बनवताना शिरलेला हायड्रोजन, पी-थरासाठी मुद्दाम मिसळलेल्या मॅग्नेशियमच्या अणूंना धरून बसतो, त्यामुळे थर निकामी होतो. नुसतं तापवलं तरी हायड्रोजन सुटतो. १९९३ मध्ये झळझळीत निळा एलईडी तयार झाला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

आपल्या घरातला पांढरा बल्ब आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर लावलेलं असतं. ते थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा बाहेर टाकतं आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. उघड्या एलईडी पट्टीवर बंद असताना पिवळे ठिपके दिसतात ते हेच. जुना ६० वॅटचा बल्ब दहा टक्क्यांहूनही कमी ऊर्जा प्रकाशात घालवायचा, तेवढाच उजेड आता ९ वॅटमध्ये मिळतो. पण महाग असेपर्यंत त्याचा उपयोग मर्यादितच राहिला असता. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत ३१० रुपये होती, दोन-अडीच वर्षांत घाऊक निविदांनी ती ३८ रुपयांवर आली. उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. बल्ब झोपडीपर्यंत पोहोचला तो या आकड्यामुळे.

आता बॅटरी. लिथियम हा सगळ्यात हलका धातू आणि इलेक्ट्रॉन सोडायला एका पायावर तयार. बॅटरीला याहून चांगलं काय हवं? १९७० च्या दशकात तेलटंचाईच्या काळात एक्झॉनमध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. पण दर चार्जला लिथियमवर सुईसारखे कोंब फुटायचे, ते पलीकडच्या टोकाला भिडायचे आणि आग लागायची. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचं धन टोक वापरून व्होल्टेज चारवर नेलं. १९८५ मध्ये जपानच्या आकिरा योशिनो यांनी लिथियम धातूच काढून टाकला. त्याच्या जागी कार्बन घेतला, ज्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरून राहतात. चार्ज करताना आयन कार्बनमध्ये जातात, वापरताना परत येतात. धातू नाही म्हणून कोंबांचा धोकाही फार कमी. मला हा सगळा प्रवास आवडतो तो या पायरीसाठी: ज्या धातूसाठी सगळा खटाटोप, तोच धातूरूपात बाहेर ठेवून बॅटरी जमली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत किलोमागे चार-पाच पट ऊर्जा, आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत किंमत जवळपास ९० टक्क्यांनी खाली. बेस्टची दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटची डिझेल दुमजली निरोप घेऊन गेली, ती या दोन आकड्यांमुळे. त्या विजेच्या बसची मोटरही आयजीबीटीच्या जातीचे स्विचच फिरवतात. एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. या बॅटरीतला द्रव पेट घेतो. भलताच स्वस्त चार्जर वापरून, घराच्या एकुलत्या एका दारापाशी रात्रभर स्कूटरची बॅटरी चार्जला लावू नका. चाळीत, छोट्या खोलीत बाहेर पडायची वाट तीच असते.

तिसरा शोध मुंबईला समुद्रातून येतो. आपण इंटरनेट आकाशातून, उपग्रहातून येतं असं समजतो. प्रत्यक्षात देशांमधली जवळजवळ सगळी माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून जाते आणि मुंबई व चेन्नई ही भारताची त्यासाठीची मोठी बंदरं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबल वाळूखालून वर येतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातल्या कार्यालयांमध्ये संगणक रेंगाळू लागले, तेव्हा कुठे पुष्कळांना त्यांचा पत्ता लागला.

काचेतून प्रकाश वळवून नेता येतो हे जुनंच ज्ञान. नरिंदर सिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात त्यावर मोलाचं काम केलं. लेसर १९६० मध्ये आला. अडलं कुठे? काचेत. त्या वेळच्या काचेत लोकलच्या एका डब्याइतक्या, म्हणजे साधारण २० मीटर अंतरात प्रकाशाचा शंभरातला एकच भाग उरायचा. हा काचेचाच स्वभाव असं सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे. त्या काढल्या तर किलोमीटरनंतरही शंभरातला एक भाग उरेल आणि टेलिफोनला तेवढं पुरे. चार वर्षांत अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. आजच्या तंतूत प्रकाश निम्मा व्हायला साधारण १५ किलोमीटर लागतात. चर्चगेटला निघालेला प्रकाश वांद्र्याला निम्मा उरलेला असेल आणि विरारलाही त्यातला सोळावा भाग पोहोचेल, तोही मध्ये कसलीही मदत न घेता.

समुद्र ओलांडायला मात्र मदत लागते. पूर्वी थकलेल्या प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा. १९८७ मध्ये अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला तंतू हाती आला. बाजूच्या लेसरने त्याला ऊर्जा दिली की जाणारा प्रकाश प्रकाशरूपातच बळकट होतो. आणि एका वेळी अनेक रंग बळकट होतात, म्हणजे एकाच तंतूतून प्रत्येक रंगावर वेगळा संदेश धाडता येतो. केसाएवढ्या तंतूची क्षमता यामुळे एकदम कितीतरी पटींनी वाढली. व्हिडिओ कॉलवर परदेशातली नात दिसते त्यामागे हे मूलद्रव्य आहे.

क्यूआर कोडबद्दल थोडक्यात, कारण तो शोध देखणा असला तरी वरच्या तोडीचा मी मानत नाही. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला केला. कोपऱ्यातल्या तीन चौकोनांमुळे कॅमेऱ्याला तो कुठल्याही बाजूने ओळखता येतो. माहिती गणिताने दुहेरी बांधलेली असल्याने, सगळ्यात पक्क्या प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. भाजीवाल्या मावशींचा पावसाने भिजलेला, थोडासा फाटलेला कागदही चालतो तो यामुळे. कंपनीने पेटंटचा हट्ट धरला नाही, म्हणून तो जगभर पसरला. त्या चौकोनात पैसे नसतात, फक्त पत्ता असतो. पैसे हलवण्याचं काम २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय करते. तिची संस्था मुंबईतलीच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा २००० कोटींच्या वर गेले. पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तसं कुणी सांगितलं तर ती फसवणूक आहे. घरातल्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

शेवटचा शोध परळचा आणि खारघरचा. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर देशभरातून आलेली कुटुंबं पिशव्या उशाशी घेऊन बसलेली असतात. त्यांच्यापैकी काहींसाठी, रक्ताच्या ठरावीक कर्करोगांत, आता एक उपचार आहे जो काही वर्षांपूर्वी भारतात नव्हता: कार-टी.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली, तिला त्या अनेकदा परकी मानत नाहीत. मारण्याची ताकद होती, ओळख पटत नव्हती. अडसर तो. उपाय असा: रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात एक नवा जनुक घालायचा. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर एक ग्राहक (रिसेप्टर) उगवतो, जो सीडी१९ नावाची खूण ओळखतो. ही खूण बी-पेशींवर असते आणि बऱ्याच ल्युकेमिया व लिम्फोमामध्ये बिघडलेल्या पेशी याच जातीच्या असतात. मग या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. शरीरात त्या आणखी वाढतात, म्हणून हे औषध सहसा एकदाच द्यावं लागतं. निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस काळजी घेऊन जगू शकतो.

२०१२ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीला हा उपचार दिला, तेव्हा पेशींनी इतकं जोरात काम केलं की ताप चढून ती मरणाच्या दारात गेली. तपासणीत एक दाहकारक प्रथिन भलतंच वाढलेलं दिसलं. त्याच प्रथिनाला रोखणारं संधिवाताचं एक औषध बाजारात होतं. डॉक्टरांनी ते दिलं आणि ती वाचली, कर्करोगमुक्तही झाली. आज कार-टी देताना ते औषध हाताशी ठेवतात.

अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. पदपथावरच्या कुटुंबाला हा आकडा सांगण्यातही अर्थ नव्हता. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी स्वतःचा ग्राहक घडवला, त्यातला उंदराच्या प्रथिनाचा भाग माणसाच्या प्रथिनासारखा करून घेतला आणि विषाणू व पेशी इथेच बनवायची सोय केली. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषधाला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचं लोकार्पण केलं. नाव नेक्सकार१९. किंमत परदेशाच्या साधारण एक दशांश. २०२५ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आजार मागे हटला. हे बहुतेक असे रुग्ण, ज्यांच्यावर आधीचे उपचार थकले होते. काहींचा आजार नंतर उलटतो, हेही खरं.

एक दशांश म्हणजे तरी लाखांतलीच रक्कम. कारण प्रत्येक रुग्णाचं औषध त्याच्याच रक्तातून, वेगळं, आठवडे घालवून बनतं. एका गोळीसारखं लाखोंच्या संख्येने ते करता येत नाही. आता प्रयत्न चालू आहेत ते पेशी बाहेर न काढता शरीरातच बदलण्याचे. करोनाच्या एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायचा संदेश देणारा रेणू) लशी ज्या चरबीच्या सूक्ष्म कणांतून दिल्या, तशाच कणांतून नव्या ग्राहकाचा संदेश थेट टी-पेशींपर्यंत पोहोचवायचा. तो संदेश शरीर शत्रू समजून हाणून पाडायचं, हा जुना अडसर कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये रेणूतला एक घटक बदलून काढला होता. त्यासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. शरीरातच पेशी बदलण्याच्या माणसांवरच्या चाचण्या परदेशात सुरू झाल्या आहेत. त्या यशस्वी झाल्या तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळी प्रयोगशाळा राबवावी लागणार नाही आणि हे औषध बाटलीत भरून ठेवता येईल.